भोसलाचे जुने कागद : स्कॅनिंग पुरेसं नाही

हिंदू महासभेचे नेते डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला काढलेल्या भोसला मिलिटरी स्कूलचा सुरुवातीचा पत्रव्यवहार स्कॅन केला की झालं, असं काहीजण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. संस्थेच्या दप्तरात मुख्यतः आलेली पत्रं राहतात; पाठवलेल्या पत्राची मूळ प्रत समोरच्याकडे. म्हणजे इथल्या फायलींत अर्धाच संवाद. उरलेल्यासाठी दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात जपलेले मुंजे यांचे कागद बघायलाच हवेत. तिथे त्यांची डायरीही आहे. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेनंतर ते इटलीत हुकूमशहा मुसोलिनीला भेटले, तरुणांना लष्करी शिक्षण देणाऱ्या तिथल्या संस्था पाहिल्या, ते सगळं तिच्यात आहे. त्याच वर्षी ते चेटवुड समितीवरही होते; भारतात लष्करी अधिकारी घडवणारी संस्था कशी काढावी, हे ठरवणारी ही समिती. तिच्या शिफारशींवरून डेहराडूनची लष्करी अकादमी उभी राहिली. शाळेचा इतिहास लिहिताना हे दोन्ही धागे घ्यावेत, पहिला, म्हणजे इटलीचा, अडचणीचा वाटला तरी.

आणि स्कॅनरवर ठेवण्याआधी कागद नीट बघा. गंजलेल्या टाचणीभोवती तो तपकिरी होऊन ठिसूळ होतो. टाचणी खेचलीत तर कोपराच हातात येईल. सेलोटेप कृपा करून लावू नका, त्याचा गोंद पुढे कागदात मुरतो. पाकिटं तर मुळीच टाकू नका! पत्रावर तारीख नसली तर टपालाचा शिक्काच कामी येतो. फायलीतला क्रमही मोडू नका.

शाळेच्या पहिल्या तुकड्यांतल्या मुलांनी घरी लिहिलेली पत्रं कुणाकडे असतील तर इथे जरूर सांगा.