मदत हवी आहे: काम तेच, पदाचं नाव वेगळं आणि पगारात साडेचार हजारांचा फरक

नमस्कार मंडळी,

महाबळेश्वरच्या एका रिसॉर्टमध्ये मी नऊ वर्षं हाऊसकीपिंगला आहे. ठेकेदाराकडून नाही, कंपनीच्याच रोलवर.

आमच्याकडे चार वर्षांपूर्वी लागलेला एक मुलगा आहे, मला ताई म्हणतो. गेल्या महिन्यात बाइकच्या लोनचा फॉर्म भरून दे म्हणाला, सोबत सॅलरी स्लिप होती. त्याच्या हातात २२,३०० येतात, माझ्या १७,८००. मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला काम मीच शिकवलंय हो. चादरीचे कोपरे कसे खोचायचे, पावसाळ्यात बंद खोलीत पलंगामागच्या भिंतीला बुरशी धरते ती रोज कशी पुसून काढायची, सगळं. सीझनला दोघांच्याही वाट्याला चौदा-चौदा खोल्या येतात, चेकआऊट धरून.

मॅनेजरना विचारलं. म्हणाले, तो ‘सीनियर रूम अटेंडंट’ आहे, तू ‘हाऊसकीपिंग असोसिएट’. शिवाय तो जड कामं करतो, नाईट करतो. गाद्या उलटवताना दुसऱ्या टोकाला मीच असते. आणि नाईटचा भत्ता त्याच्या स्लिपवर वेगळा आहे, तो वजा करूनच मी वरचा आकडा लिहिलाय.

थोडं वाचलं. १९७६ चा समान वेतनाचा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत गेलाय, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यातही ‘समान किंवा समान स्वरूपाचं काम’ असंच आहे. १९८७ मध्ये मॅकिनन मॅकेन्झी कंपनीविरुद्ध ऑड्री डिकॉस्टा या स्टेनोग्राफर बाईंच्या बाजूने सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. कंपनीने युनियनशी झालेला करार दाखवला, ऐपत नाही म्हणून सांगितलं, कोर्टाने दोन्ही मानलं नाही. हे वाचून धीर आला. जागतिक पर्यटन संघटनेच्या २०१९ च्या अहवालात पर्यटनात ५४ टक्के बायका आणि त्यांची कमाई पुरुषांपेक्षा १४.७ टक्के कमी, असं आहे. माझा हिशेब तर वीस टक्क्यांवर जातो.

आता खरी अडचण. ती स्लिप त्याने विश्वासाने दिली होती. तिचा फोटो मी काढलेला नाही, काढणारही नाही. त्याचं नाव पुढे आलं तर त्याची नोकरी जाईल, आणि त्याची यात काय चूक? मग त्याच्या स्लिपशिवाय फरक दाखवायचा कसा? माझ्याकडे खोल्या वाटून दिल्याच्या रोजच्या शीटच्या प्रती आहेत, त्यावर दोघांची नावं आणि खोल्यांचे नंबर आहेत. पगाराचं रजिस्टर कामगार अधिकारी स्वतः मागवतात का? आधी कंपनीला लेखी अर्ज द्यावा की सरळ साताऱ्याला सहायक कामगार आयुक्तांकडे जावं? आम्ही पाच बायका आहोत. दोघी सही करायला तयार आहेत, बाकीच्यांना भीती वाटते. तिघींच्या सहीने चालेल का?

भर: प्रतिसादांत एका ताईंनी टिपचं विचारलंय. टिप रेस्टॉरंट आणि बेलबॉयकडे जाते, आमच्याकडे उशीजवळ कोणी ठेवली तरच. तो विषय मला यात मिसळायचा नाहीये, आधी मूळ पगार.

एप्रिलमध्ये वाढीची पत्रं येतात, अर्ज त्याआधी जायला हवा. कामगार कार्यालयात कोणी स्वतः असा अर्ज दिला असेल तर त्यात काय लिहिलं होतं तेवढं सांगा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.