शब्दचर्चा: तोदा, हल्लेल आणि ‘आभार’

प्रश्न : बायबलमधल्या स्तोत्र १०० चा मूळ हिब्रू मथळा ‘मिझमोर लेतोदा’. इथे ‘तोदा’साठी ‘आभार’ चालेल का? आणि ‘हल्लेल’ त्याचाच समानार्थी ना?

उत्तर : आजच्या हिब्रूत दुकानदाराला म्हणतात ते ‘तोदा’ म्हणजे आभारच. यरुशलेमच्या मंदिरात मात्र तोदा हे अर्पणाचं नाव होतं, शांत्यर्पणाचा एक प्रकार. विधी लेवीय ७:१२-१५ मध्ये आहे, मापं मिश्ना या रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) जुन्या नियमसंग्रहाच्या मेनाहोत भागात (अध्याय ७).

एका जनावरासोबत ४० भाकरी. पीठ २० इस्सारोन (इस्सारोन म्हणजे एफा या जुन्या धान्यमापाचा दहावा भाग). त्यातल्या १० इस्सारोनाच्या १० खमिरी भाकरी, उरलेल्या १० च्या ३० बेखमिरी. म्हणजे एक खमिरी भाकर एका बेखमिरीच्या तिप्पट पिठाची. बेखमिरीत तीन प्रकार, प्रत्येकी १०: तेलात मळलेल्या, वरून तेल लावलेल्या पातळ, आणि ‘मुर्बेखेत’. ही तिसरी म्हणजे उकळत्या पाण्यात पीठ शिजवून, आपण उकड काढतो तशी. प्रत्येक प्रकारातली एक याजकाला, बाकी ३६ यजमानाला. खमीर वेदीवर जाळायला मनाई, त्यामुळे भाकरी वेदीवर चढत नाहीत.

चूक होते ती वेळेत. जनावर कापताना सगळ्या भाकरींना तंदुरात पापुद्रा धरलेला हवा. एकीला जरी धरला नसेल तरी भाकरी पवित्र ठरत नाहीत. मांस-भाकरी त्याच दिवशी आणि त्या रात्री खायच्या. तोरेची (मोशेच्या नियमशास्त्राची) मुदत सकाळपर्यंत, पण ती उलटू नये म्हणून पंडितांनी मध्यरात्र ठरवली. नवसाच्या शांत्यर्पणाला दुसरा दिवसही मिळतो, याला नाही. एवढं अन्न एका घराला संपणारं नाही, पंगत बसवावीच लागते. म्हणून ‘आभार’ तोकडा वाटतो. ‘उपकारस्तुती’ बरा, फक्त त्यातून जेवण निसटतं.

पुरवणी : हल्लेल वेगळं. ते गायन: स्तोत्रं ११३ ते ११८. वल्हांडण या ज्यू सणाचे बळी लोकांच्या तीन तुकड्या करून कापले जात आणि तेवढा वेळ हल्लेल चाले. संपलं तर पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या तुकडीत माणसं इतकी कमी की गायन स्तोत्र ११६ च्या ‘आहावती’पर्यंतही पोचत नसे, असं रब्बी यहूदा सांगतात. उलट वल्हांडणाच्या सणात तोदा बंद, कारण त्यात खमिरी भाकर, आणि या सणात खमीर वर्ज्य. अश्केनाझी (मूळ मध्य आणि पूर्व युरोपातले) ज्यू त्या दिवसांत स्तोत्र १०० सुद्धा गाळतात.

‘हल्लेलू-याह’ हे अनेकांना केलेलं आज्ञार्थी रूप आहे. मराठीतलं ‘स्तुती करा’ एकाला आदरानेही म्हणता येतं, हिब्रूतलं नाही. ‘सगळे मिळून स्तुती करा’ असं लिहिलं तर अर्थ पोचतो.

प्रश्न : मग बेने इस्राएलांचा (कोकणातल्या ज्यूंचा) मलिदा म्हणजे तोदाच का?

उत्तर : हेतू जवळचा, विधी नाही. मलिद्यात गोड पोहे, खोबरं, वेलची, फळं आणि एलियाहू हन्नाबीचं (संदेष्टा एलियाचं) गुणगान. नवस फिटला, लग्न ठरलं की करतात. बळी नाही, खमिराचा प्रश्न नाही. इ.स. ७० मध्ये मंदिर पडल्यावर तोदा थांबलाच. त्याच्या जागी सांगायचंच तर ‘बिर्कत हागोमेल’ सांगा: समुद्र किंवा वाळवंट पार केलेला, आजारातून उठलेला, कैदेतून सुटलेला माणूस ही प्रार्थना म्हणतो, आणि तीही दहाजणांसमोर.