6.93 मीटरची गिअर मर्यादा: 50/34 च्या सायकलवर नेमकं काय बदलावं?

थेम्सकाठ:
मुलगी 15 वर्षांची, ब्रिटनमध्ये युथ ए गटात रोड रेसिंग सुरू करतेय. रेसच्या माहितीत गिअर मर्यादा 6.93 मीटर दिली आहे. सायकल शिमानो 11-स्पीड, पुढे 50/34 (दोन चेनरिंगचे, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चकत्यांचे दात), मागे 11-32 (सर्वात लहान आणि मोठ्या कॉगचे दात), टायर 700×28 (28 मिमी रुंद). कॅसेट (मागच्या कॉगचा संच) बदलू, चेनरिंग बदलू, की डिरेलरचा (चेन सरकवणाऱ्या भागाचा) लिमिट स्क्रू आवळून लहान कॉग बंद करू? खर्च कमी हवा, पण रोलआउटच्या मोजणीत अडकायला नको.

चेनलाइन:
आधी हिशेब. रोलआउट म्हणजे क्रँकच्या एका फेरीत सायकल जेवढं अंतर कापते तेवढं: चेनरिंगचे दात भागिले कॉगचे दात, गुणिले चाकाचा परीघ. 28 च्या टायरचा परीघ साधारण 2.136 मी. धरा, 25 चा 2.105.

तुमचं 50×11 होतं 9.71 मी. 50×15 सुद्धा 7.12, म्हणजे बाद. 50×16 ला 6.68, पास. म्हणजे 50 ची रिंग ठेवायची तर 16 पासून सुरू होणारी कॅसेट लागेल. बरेच जण 46/36 ची रिंग आणि 14-28 कॅसेट घेतात. 25 च्या टायरवर 46×14 येतं 6.92, पास, 28 वर 7.02, नापास. रुंद रिमवर 25 चा टायर फुगून 27 च्या आसपास जातो, तेव्हा तो 13 मिलिमीटरचा फरकही उरत नाही. दोन-तीन सेंटिमीटर तरी मोकळे ठेवाच.

जुन्या चर्चांत 52×14 दिसेल. ते ज्युनिअरच्या (17-18 वर्षांच्या) 7.93 साठी होतं, यूसीआयने (जागतिक सायकलिंग संघटनेने) ती मर्यादा 2023 पासून काढली. तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

घाटमाथा:
सगळ्यात स्वस्त उपाय राहिला: 34×11 चं रोलआउट 6.60 आहे! पुढच्या डिरेलरचा हाय-लिमिट स्क्रू आवळा, म्हणजे चेन 50 वर चढणारच नाही. खर्च शून्य. फक्त असे बंद केलेले गिअर चालतात का, हे आयोजकांना आधी ईमेलने विचारा. चालत नसतील तर 50 ची रिंग काढावी लागेल, आणि तिथे सांभाळा: शिमानोच्या चार हातांच्या क्रँकमध्ये आतल्या रिंगचे बोल्ट बाहेरच्या रिंगमध्येच घट्ट होतात.

चेनलाइन:
खर्च शून्य खरा, पण रेसमध्ये तो पायांना मोजावा लागतो. 11-12-13 मध्ये प्रत्येक पायरी 8-9 टक्क्यांची. 16-17-18 मध्ये जेमतेम 6. घोळक्यात ताशी 45 किमीच्या वेगाने जाताना 6.68 वर कॅडन्स (मिनिटाला क्रँकच्या फेऱ्या) 112 च्या पुढे असतो, तिथे लहान पायरीच हवी. शिवाय 34×11 ला चेन तिरपी चालते, आवाज करते आणि लवकर झिजते. सरावाला ठीक, हंगामभर नको.

मागचे कॉग स्क्रूने बंद करायचे तर नुसता स्क्रू आवळू नका. तसं केलं की शिफ्टर खालचे क्लिक देत राहतो, केबल सैल पडते, आणि मोठ्या कॉगवर जाताना पहिले क्लिक वाया जातात. शिफ्टर पूर्ण सोडा, हाय-लिमिट स्क्रूने डिरेलरची पुली (चेन फिरते ते छोटं चाक) हव्या त्या कॉगखाली आणा, मग केबल नव्याने आवळा. तुम्हाला मात्र 11-32 मधले 11, 12, 13, 14 असे चार कॉग बंद करावे लागतील, आणि स्क्रू बहुधा तेवढा पुरत नाही.

थेम्सकाठ:
मग 50 ठेवून 16-28 घेते. बसवताना काय बघू?

घाटमाथा:
32 चा 28 झाला की चेन दोन कड्यांनी लांब उरते, तेवढी काढा. लॉकरिंग (कॅसेट घट्ट धरणारी कडी) नव्या कॅसेटसोबत येते तीच वापरा, 11 दातांच्या कॅसेटची लहान असते. 40 न्यूटन-मीटरला आवळा. 46 ची रिंग घेतलीत तर पुढचा डिरेलर साधारण 8 मिमी खाली आणावा लागतो, आणि ब्रेझ-ऑन फ्रेमवर (जिथे डिरेलर फ्रेमला पक्क्या जोडलेल्या पट्टीवर बसतो) तेवढी जागा आहे का ते रिंग घेण्याआधी बघा.

घरी मोजताना रेसइतकीच हवा भरा, चेन सर्वात जड गिअरवर घ्या, क्रँक सरळ खाली, जमिनीवर खडूची खूण. सायकल सरळ रेषेत मागे ढकलत क्रँकची एक फेरी पूर्ण करा आणि टेपने मोजा.

चेनलाइन:
आणि जास्तीचं चाक! त्यावरही 16 चीच कॅसेट हवी. पंक्चर झाल्यावर कुणाचं 11 चं चाक लावलं तर रेसनंतरच्या मोजणीत निकाल जातो.