थंडी पडली की घरात काय काय अडतं? उपाय इथे लिहा, पण मापासकट

खिडकीतली_तुळस :
आज खोबरेलाची बाटली गोठलेली दिसली आणि वाड्यातला तांब्याचा बंब आठवला. बंबाच्या कडेला तेलाची वाटी ठेवलेली असायची, अंघोळीला नंबर लागेपर्यंत तेल पातळ. बंब गेले, अडचणी त्याच आहेत. दही लागत नाही, इडलीचं पीठ फुगत नाही, बाजरीचं पीठ कडू होतं. ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा. "अंदाजाने घाला" चालणार नाही.

तेलापासून सुरू करते. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, हा त्याचा गुणच आहे. गोठलं म्हणून भेसळ नाही आणि गोठलं म्हणून शुद्ध असंही नाही. थंडीपुरतं रुंद तोंडाच्या बरणीत काढून ठेवायचं. तीन भाग खोबरेलात एक भाग तिळाचं तेल मिसळलं तर दगडासारखं होत नाही, बोटाने निघतं. बाटली गॅसजवळ धरू नका, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली की पुरते.

सायसाखर :
दही माझ्याकडे लागलं. थंडीत सगळे विरजण वाढवतात आणि तिथेच बिघडतं. जास्त विरजणाने दही आंबट होतं, पाणी सुटतं. कमी पडलेली असते ती ऊब. विरजणातले जिवाणू ४० ते ४५ अंशांत झपाट्याने वाढतात, गारठ्यात मंदावतात.

अर्धा लिटर दूध उकळायचं. करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत इतकं निवू द्यायचं. एक सपाट चमचा विरजण, फ्रिजमधलं असेल तर अर्धा तास आधी बाहेर काढलेलं. ते आधी दोन चमचे दुधात फेटायचं, मग सगळ्या दुधात. स्टीलचं भांडं, घट्ट झाकण, भोवती जाड टॉवेल, आणि हे सगळं तांदळाच्या डब्यात. १० ते १२ तास. मधे हलवून बघायचं नाही, लागता लागता मोडतं. मातीचं मडकं उन्हाळ्यात सुरेख, थंडीत नको, ते पाझरतं आणि दूध गार पडतं.

घाटमाथा :
कॅसरोलमध्ये पण लागतं. आधी त्यात उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवायचं, ओतून कोरडं करायचं, मग विरजलेल्या दुधाचं भांडं आत.

ओवी_नि_ताक :
ओव्हनचा दिवा लावून ठेवते, मस्त लागतं

सायसाखर :
ओवीताई, दिवा जुना पिवळा बल्ब असेल तरच. एलईडीला तेवढी उष्णता नसते. नवीन ओव्हन असेल तर आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा, तेच काम होतं.

तिसरा_मजला :
इडलीचं पण सांगा ना कोणीतरी, १२ तास झाले ढिम्म 😔

रगडा_पाटा :
ढिम्म पिठाला अजून चार तास द्या, टाकू नका. पुढच्या वेळी :
१. चाराला एक नको, तीन वाट्या इडली तांदळाला एक वाटी उडीद डाळ आणि अर्धा चमचा मेथीदाणे.
२. वाटताना फ्रिजचं पाणी नाही. ते उन्हाळ्यात, मिक्सर तापतो म्हणून. आता साधं किंवा कोमट.
३. पीठ घट्टसर ठेवा. पातळ पिठात हवा टिकत नाही, आंबतं पण फुगत नाही.
४. मीठ फुगल्यावर. मिठाने आंबण्याची गती कमी होते.
५. हाताने तीन-चार मिनिटं एकाच दिशेने फेटा, पळीने नाही.
भांडं अर्धंच भरायचं. १४ ते १६ तास धरून चाला, म्हणजे उद्याच्या नाश्त्याचं पीठ आज दुपारी तीन-चारला वाटून तयार हवं.

तिसरा_मजला :
दुपारी तीन! मी रात्री नऊला वाटत होते. धन्यवाद दादा

पाईप_आणि_पाना :
गीझरबद्दल लिहितो, गेली अनेक वर्षं हेच काम आहे.

पाणी तापायला वेळ लागतोय, आतून तडतड आवाज येतोय, म्हणजे कॉइलवर क्षार बसलाय. बोअरच्या पाण्यावर हे हमखास. क्षाराचा थर उष्णता पाण्यात जाऊ देत नाही, कॉइल आतल्या आत तापते आणि शेवटी जळते. दिवाळीच्या आधी मेकॅनिककडून कॉइल उघडून साफ करून घ्या. क्षार हातोडीने ठोकून काढू देऊ नका, कॉइलच्या नळीला चीर पडते. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवली की थर सुटतो.

त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा रॉड बघायला सांगा. टाकी गंजू नये म्हणून आधी तो स्वतः झिजतो. सळई तेवढी उरली असेल तर लगेच बदला. हजारांची टाकी त्याच्यावर टिकते, पण ग्राहक कधी विचारत नाहीत.

तापताना व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी येतं म्हणून काही जण तिथे बूच मारतात. अजिबात करू नका. पाणी तापलं की फुगतं, तो दाब तिथूनच बाहेर पडतो. बूच मारलं तर टाकी फुटू शकते. नुसती धार लागली असेल तर मात्र बोलवा. थर्मोस्टॅट ५५ ते ६० वर पुरे.

आणि गॅस गीझर बंद बाथरूममध्ये कधीही नाही. ज्वाळा आतली हवा खाते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. आधी डोकं जड होतं, मग उठून दार उघडायची ताकद राहत नाही. गीझर बाहेर गॅलरीत, पाण्याचा पाईप आत. नुसता एक्झॉस्ट फॅन लावून भागत नाही.

घाटमाथा :
+१. शेगडीचंही तेच. निखारे विझल्यासारखे दिसले तरी तोच वायू निघत असतो. दार लावून शेगडीजवळ झोपू नये. तान्ह्या बाळाला धुरी तर नकोच, छाती भरते.

खिडकीतली_तुळस :
काका, फार मोलाचं लिहिलंत. व्हॉल्व्हचं मला ठाऊकच नव्हतं.

सोलरवाला_शेजारी :
सोलर असेल तर सकाळची पहिली बादली गार येते, कारण रात्रभर पाईपातलं पाणी निवतं. ते सोडून देऊ नका, भांड्यांना वापरा. गच्चीवरच्या उघड्या पाईपला फोमचं वेष्टण घाला. आणि नळ्यांवरची धूळ पुसा, पण सकाळी लवकर, काच गार असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं की तडकते.

बार्शीचा :
बंब अजून आहे आमच्याकडे. एकच नियम, आधी पाणी मग जाळ. रिकाम्या बंबात जाळ केला तर सांध्यांची झाळ (डाग) सुटते आणि मग जागोजागी गळतो. बाहेरून चिंच-मीठ, आतल्या नळीतली काजळी आठवड्याला खरवडायची, नाहीतर धूर उलटा येतो.

हुरडा निघालाय बरं का इकडे

ओवी_नि_ताक :
हुरडा!! सुरती का गुळभेंडी

बार्शीचा :
सुरती. आगटीत कणीस भाजून गरम असतानाच हातावर चोळायचं, गार झालं की दाणे सुटत नाहीत. सोबत लसणाची चटणी.

ओवी_नि_ताक :
बास, आता काम सुचणार नाही

भोगीची_भाजी :
बाजरीचं राहिलं. बाजरीच्या दाण्यात तेल जास्त, दळलं की ते हवेला लागतं आणि खवट होतं. म्हणून आठ दिवसांना पुरेल इतकंच दळून आणा, उरलं तर घट्ट डब्यात फ्रिजला. भाकरी थापताना कडेने चिरते त्याचं कारण बहुतेक वेळा जुनं पीठ. वाटीभर पिठाला अर्ध्या वाटीहून थोडं जास्त कढत पाणी, पाच मिनिटं झाकून, मग तळहाताने रगडून मळा. एका वेळी एकाच भाकरीचं. भोगीला वरून तीळ लावताना पाण्याचा हात आधी फिरवा, तव्यावर तीळ सुटत नाहीत.

मेथी_डिंक :
डिंकाचा लाडू दाताला चिकटतो अशी तक्रार दर वर्षी असते. डिंक आतून कच्चा राहिलेला असतो. आधी दोन दिवस ऊन दाखवा, मोठे खडे हरभऱ्याएवढे फोडा, तूप मध्यम आचेवर, एका वेळी एक मोठा चमचा. तूप फार तापलं तर वरून फुलतो, आत खडा. एक दाणा काढून बोटाने चुरा, सगळा भुगा झाला पाहिजे. पाव किलो डिंकाला खारीक पूड अर्धा किलो, किसलेलं सुकं खोबरं अर्धा किलो, खसखस १०० ग्रॅम, गूळ अर्धा किलो, तूप पाव किलोहून थोडं जास्त. गूळ तुपात फक्त वितळवायचा, बुडबुडे आले की खाली. पाक पुढे गेला तर लाडू फुटत नाही. वळताना भुसभुशीत वाटलं तर दोन चमचे कढत तूप, दूध नको, बुरशी येते.

तिसरा_मजला :
विषय थोडा वेगळा आहे पण सासूबाईंचे गुडघे थंडीत फार धरतात. शेकायची पिशवी रबराची बरी की विजेची? त्यांना साखर पण आहे

घाटमाथा :
काळजी घ्या त्यांची. साखर असेल तर पावलांना चटका कळत नाही, म्हणून पायाजवळ कुठलीच पिशवी ठेवून झोपू देऊ नका. गुडघ्याला रबराची चालेल. उकळतं पाणी नाही, हाताला सोसेल इतकं, दोन तृतीयांश भरायची, बूच लावण्याआधी दाबून हवा काढायची, टॉवेलात गुंडाळून १५ मिनिटं. अधूनमधून कातडी लाल झाली का ते तुम्ही बघा. डॉक्टरांना एकदा विचाराच.

मेथी_डिंक :
टाचांच्या भेगांना कोकमतेल द्या त्यांना. रात्री पाय धुऊन पूर्ण कोरडे करून, तेल दिव्यावर वितळवून बोटाला सोसेल असं झालं की भेगेत भरायचं, वर सुती मोजे. रक्त येत असेल तर मात्र आधी डॉक्टर. कोकणात मुठेल म्हणून मिळतं, गोळा असतो.

तिसरा_मजला :
मुठेल पुण्यात कुठे मिळेल?

मेथी_डिंक :
कोकणी मालाच्या दुकानात, आगळ-कुळथाच्या पिठाशेजारी बघा. घेताना वास घ्या, खवट असेल तर ठेवून द्या.