मदत हवी आहे: हिवाळी राय (rye, गव्हासारखे तृणधान्य) मोडल्यावर मेथी-कोथिंबीर केव्हा पेरावी?

ओटावाजवळ आम्ही आठ कुटुंबे मिळून सुमारे तीन गुंठ्यांचे सामायिक शेत कसतो. जमीन चिकणमातीची आहे. सप्टेंबरअखेर आच्छादन पीक (रिकामी जमीन झाकून ठेवणारे पीक) म्हणून पेरलेली हिवाळी राय बर्फ वितळताच तरारून वीतभर वाढली असून तिच्या मुळांची जाळी इतकी घट्ट आहे, की काल फावडे मारले तेव्हा चटईसारखा अखंड तुकडा उचलून आला. माती मुठीत दाबली की तिचा लाडू वळतो आणि तो टिचकीनेही फुटत नाही, म्हणून खणणी तूर्त थांबवली आहे.

एका वाफ्यातील राय विळ्याने कापली, पण दहा दिवसांत ती पुन्हा फुटली. दुसऱ्या वाफ्यावर काळी ताडपत्री अंथरून तिसरा आठवडा चालू आहे. पाने पिवळी पडली, मुळे मात्र अजून पांढरी व जिवंत दिसतात. येथे तणनाशक आणि नांगरणीचे यंत्र या दोन्हींना मनाई आहे, आणि नळाला पाणी मेच्या मध्यानंतरच येते.

टोमॅटो व मिरचीची रोपे मेअखेरीस लावायची असल्याने त्यांची फारशी चिंता नाही. कुजणाऱ्या रायमुळे बारीक बियांची उगवण खुंटते, हे ठाऊक आहे. अडचण मेथी आणि कोथिंबिरीची आहे. चिकणमातीत ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सांगावे: ताडपत्री काढल्यावर मुळे मातीत मिसळून किती दिवस थांबावे, की मुळांना हात न लावता वर कंपोस्टचा थर देऊन त्यातच पेरणी करावी?