शरदातील सहल: ताफ्याचे गट आणि निघण्याची वेळ

आपल्या शरदातील मोटारसहलीला सर्व वीस गाड्यांनी एकाच रांगेत निघावे, ही सूचना दिसायला देखणी असली तरी मला ती व्यवहार्य वाटत नाही. ताशी 80 किलोमीटर वेगाने दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचे अंतर (तेवढ्या वेळात गाडी जितकी पुढे जाते तितके) म्हणजे सुमारे 44 मीटर. त्या हिशेबाने वीस गाड्यांची रांग जवळजवळ एक किलोमीटर लांब होते, आणि पहिल्याच सिग्नलला ती तुटते. त्याऐवजी पाच-पाच गाड्यांचे चार गट करून ते दहा मिनिटांच्या अंतराने सोडावेत. प्रत्येकाने पुढच्या गाडीचा पाठलाग न करता मागची गाडी आरशात दिसते आहे ना, एवढे पाहावे आणि वळणावर ती दिसेपर्यंत सुरक्षित जागी थांबावे. हा एक नियम पाळला की वॉकी-टॉकीची फारशी गरज उरत नाही (हौस म्हणून जरूर आणावेत).

दुपारी निघण्याच्या प्रस्तावाला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. शरदसंपातानंतर (सप्टेंबरच्या शेवटी दिवस-रात्र सारखे झाल्यावर) दिवस लहान होत जातो, परतताना मावळतीचा सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि झाडांखालची ओली पाने टायरची पकड कमी करतात. अशा पट्ट्यात अंतर चार सेकंदांचे हवे. इंधनाची टाकी प्रत्येकाने आदल्या दिवशीच भरावी.