मदत हवी आहे: आईच्या बायोप्सीचा ब्लॉक (टिश्यू मेणात बसवून ठेवतात तो) सेकंड ओपिनियनसाठी मागायचा का?

आईच्या छातीत गाठ लागली म्हणून आधी एफएनएसी (बारीक सुईने पेशी ओढून तपासणं) केली, त्यात नीट काही कळेना, मग डॉक्टरांनी जाड सुईने कोअर बायोप्सी केली. एफएनएसीत नुसत्या सुट्या पेशी येतात, कोअरमध्ये टिश्यूचा अख्खा तुकडा मिळतो त्यामुळे कॅन्सरच्या पेशी आजूबाजूला पसरल्यात का ते दिसतं, एवढं आता समजलंय. फॉर्मलिनच्या छोट्या डबीत पांढरट दोऱ्यासारखे चार तुकडे तरंगत होते, ती डबी हातात धरून लॅबपर्यंत मीच गेले, हात थरथरत होते. रिपोर्टमध्ये कॅन्सर आलाय, आता ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) बघायला आयएचसी (टिश्यूवर खास रंग चढवून करायची टेस्ट) सांगितलंय, औषधं त्यावरच ठरणार म्हणे. मेणाच्या त्याच ब्लॉकमधून ४-५ मायक्रॉनचे (अगदी पातळ) काप काढून, काचेच्या स्लाइडवर लावून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनाही दाखवता येतात ना, मग ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागू की नुसत्या स्लाइड? आयएचसी व्हायच्या आधी मागितलं तर उशीर होईल का? अजून एक, उरलेला टिश्यू रिसर्चला वापरायची परवानगी मागणारा फॉर्म दिलाय. द्यायची मनापासून इच्छा आहे, पण पुढे आईलाच टेस्ट लागली तर टिश्यू पुरेल का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, परवा डॉक्टरांना भेटायचंय.